गव्हाणीतील बाळ आणि परवान्याचा कागद

गेल्या आषाढातील गोष्ट. आमच्या धर्मग्रामाच्या एका वाडीत साठी उलटलेल्या एक विधवा भगिनी राहतात. वाडीतील लहानथोर त्यांस ‘मावशी’ म्हणतात. आम्हीही येथे त्यांचा उल्लेख त्याच नावाने करू. वाडीतील तरुण आया जवळच्या काजूच्या कारखान्यांत कामास जातात. सकाळी आठाला घर सोडावे आणि दिवेलागणीस परतावे, असा त्यांचा नित्यक्रम. त्यांची अंगावरची व रांगती मुले दिवसभर मावशींच्या ओटीवर असतात. कोणी महिन्याकाठी थोडे पैसे देते, कोणी तांदूळ देते, कोणास काहीच देणे जमत नाही. मावशींनी आजवर कोणासही परत पाठविलेले नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे नऊ मुले होती.

पाऊस धरून लागला होता. मावशी आत चुलीवर पेज चढवीत होत्या. तेवढ्यात दीड वर्षाचा एक मुलगा मागल्या दाराने परड्यात गेला आणि तेथील उघड्या हौदात पडला. देवाची कृपा अशी की, शेजारचा एक शाळकरी मुलगा तापामुळे त्या दिवशी घरीच होता. त्याने पाण्याचा आवाज ऐकला, धाव घेतली व बाळास वर काढले. दोन रात्री इस्पितळात काढून ते बाळ सुखरूप घरी आले. आम्ही त्यास पाहावयास गेलो तेव्हा ते आईच्या पदराशी खेळत होते. आईचे हात मात्र अजून कापत होते.

पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर वाडीतील माणसे आमच्याकडे जमली. बोलणे लवकरच चढले. कोणी म्हणाले, मावशींचे हे काम आजच बंद करा. त्यावर एक आई रडत उठली व म्हणाली, “मग उद्या माझं लेकरू मी कुठं ठेवू, तेवढं सांगा.” शहरात नोकरी करणाऱ्या एका तरुणाने विचारले, “मुळात त्यांच्याकडे परवाना आहे काय?” मावशी तोवर कोपऱ्यात गप्प बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “फादर, परवाना घेऊन कुणी लेकरू सांभाळतंय काय ओ? माया काय सरकार देतंय?”

त्या दिवशी आम्हांस उत्तर सुचले नाही. खरे सांगावयाचे तर आमचे मनच आम्हांस खात होते. तीन वर्षांपूर्वी शेजारधर्माचे उदाहरण म्हणून आम्ही प्रवचनात मावशींचा गौरव केला होता. त्यांच्या ओटीवर बसून आम्ही चहा घेतला होता. परंतु मागल्या दाराने परड्यात जाऊन तो उघडा हौद पाहावा, हे आम्हांस कधी सुचले नाही. मावशींच्या त्या प्रश्नाने आम्हांस या विषयाचा शोध घ्यावयास लावले. त्यातून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण आमच्या वाडीसारख्या वाड्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत.

‘क्रेश’ म्हणजे गव्हाण

पाळणाघरास जगभर ‘क्रेश’ असे म्हणतात. हा शब्द फ्रेंच भाषेतील असून त्याचा अर्थ गव्हाण असा आहे. नाताळच्या रात्री आपण ज्या गव्हाणीपुढे गुडघे टेकतो, तीच ही गव्हाण. हे नाव पाळणाघरास कसे मिळाले, त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

फिर्मँ मार्बो हे पॅरिस शहरातील एक श्रद्धाळू कॅथॉलिक कायदेपंडित. आपल्या विभागाच्या नगरकारभारातही त्यांचे अंग होते. गोरगरिबांच्या मुलांसाठी चालणाऱ्या संस्थांची पाहणी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. तेव्हा त्यांच्या असे ध्यानात आले की, दोन वर्षांवरील मुलांसाठी बालगृहे आहेत, मोठ्या मुलांसाठी शाळा आहेत; पण अगदी तान्ह्या बाळांसाठी काहीच नाही. कामास जाणाऱ्या आया आपली बाळे कोठे ठेवतात, हे पाहावयास ते गेले. त्यांस दिसले ते असे की, कोंदट खोल्यांत काही गरीब बायका पैसे घेऊन मुले सांभाळीत आहेत आणि आईच्या मजुरीचा मोठा वाटा त्यातच जात आहे. त्या बायका दुष्ट नव्हत्या. त्याही दरिद्री होत्या आणि जे जमेल ते करीत होत्या.

१४ नोव्हेंबर १८४४ रोजी मार्बो यांनी पॅरिसमधील शायो या भागात पहिले पाळणाघर उघडले व त्यास गव्हाणीचे नाव दिले. जागा स्वच्छ व हवेशीर असावी, डॉक्टरांनी येऊन मुलांस पाहावे, दूध पिणाऱ्या बाळाच्या आईस मधून येऊन पाजता यावे, आणि आईने थोडी का होईना फी द्यावी, म्हणजे तीस भीक घेतल्यासारखे वाटू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. पुढल्याच वर्षी त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले आणि पाळणाघरे फ्रान्सभर पसरली. ती पसरली तशी प्रत्येक ठिकाणी तीच काळजी घेतली जाईल याची खात्री राहिली नाही. म्हणून १८६२ मध्ये तेथील सरकारने पाळणाघरांसाठी नियम केले. मार्बोंच्या मनात जी कळकळ होती, तीच तेथे कागदावर उतरली. ज्यांस त्यांनी कधी पाहिले नव्हते अशा मुलांपर्यंत ती अशा रीतीने पोहोचली.

अंधाऱ्या खोल्यांतील मुले

परवान्याच्या इतिहासाचा दुसरा धागा मात्र दुःखद आहे. त्याच काळात इंग्लंडमध्ये वर्तमानपत्रांत जाहिराती येत की, अमुक रक्कम दिल्यास बाळ सांभाळले जाईल. अडलेल्या आया, विशेषतः अविवाहित मोलकरणी, आपली बाळे अशा घरांत ठेवीत. यांपैकी काही घरांत बाळांची उपासमार होई, त्यांस गुंगीचे औषध पाजून निजवून ठेवीत, आणि कित्येक मरत. लंडनमधील ब्रिक्स्टन भागातील मार्गारेट वॉटर्स हिला अशाच प्रकरणात १८७० मध्ये फाशी झाली. देश हादरला आणि १८७२ मध्ये तान्ह्या बाळांच्या रक्षणाचा कायदा झाला.

हा कायदा व्हावयाच्या वेळी त्यास विरोध झाला व तो स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या काही भगिनींकडूनही झाला. सरकारने आईच्या निवडीत हात घालू नये आणि गरीब शेजारणीच्या मागे तपासनीस लावू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. ते सर्वस्वी चुकीचे नव्हते. आमच्या मावशीही तेच म्हणत होत्या. त्या विरोधामुळे कायदा पुष्कळ सौम्य झाला. एक वर्षाखालील एकाहून अधिक बाळे, मोबदला घेऊन, चोवीस तासांहून अधिक काळ ठेवणाऱ्या घरासच नोंदणी लागू झाली. दिवसापुरते मूल सांभाळणारे घर त्यातून सुटले. अशा घरांसाठी इंग्लंडमध्ये नोंदणीचा कायदा व्हावयास १९४८ साल उजाडावे लागले.

फ्रान्सने याहून वेगळी वाट धरली. तेओफील रुसेल हे डॉक्टर लोकप्रतिनिधी झाले होते. त्यांच्या प्रयत्नाने डिसेंबर १८७४ मध्ये असा कायदा झाला की, दोन वर्षांखालील जे मूल पैसे देऊन आईबापांच्या घराबाहेर सांभाळावयास ठेवले जाईल, त्यावर सरकारी देखरेख राहील. त्या कायद्याने परवाना हा सांभाळणाऱ्या बाईस दिलेला मान मानला नाही. जे बाळ स्वतः तक्रार करू शकत नाही, त्याच्या वतीने समाजाने विचारपूस करावी, असे तेथे मूळ तत्त्व होते.

हे सारे परदेशातच घडले, असे कोणी समजू नये. मुंबईच्या कापडगिरण्यांत ज्या आया कामास जात, त्यांच्या बाळांस अफूची ‘बाळगोळी’ देऊन निजविण्याची चाल होती. १९२२ च्या सुमारास एका महिला डॉक्टरांनी सरकारच्या वतीने पाहणी केली, तेव्हा ही चाल फार मोठ्या प्रमाणावर असल्याचे उघड झाले. त्या आया क्रूर होत्या काय? मुळीच नाही. बाळ रडत राहिले तर सांभाळणारी म्हातारी त्यास ठेवून घेणार नाही आणि काम गेले तर घरातली चूल पेटणार नाही, अशा कात्रीत त्या सापडल्या होत्या. आईची माया उणी नव्हती. तिला दुसरी वाट नव्हती.

आपल्या देशातील कायदा

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. स्वातंत्र्यानंतर प्रथम कायद्याने कारखानदारास बांधले. १९४८ च्या कारखाने कायद्याने, जेथे पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करतात तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवण्याचे बंधन घातले. १९७६ मध्ये ही मर्यादा तिसांवर आणली गेली. १९५१ मध्ये चहा-कॉफीच्या मळ्यांसाठी आणि १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी तशाच तरतुदी झाल्या. पण निपाणीकडील कितीतरी भगिनी घरी बसूनच विड्या वळतात. त्यांच्यापर्यंत ते पाळणाघर पोहोचलेच नाही.

१९६९ मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू होते. तेथे मजूर बायांची बाळे धुळीत व उन्हात पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली आणि तेथेच तंबूत एक पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. जेथे बांधकाम असेल तेथे पाळणाघर न्यावे, ही तिची रीत. पुढे १९९६ मध्ये बांधकाम मजुरांसाठी कायदा झाला आणि पन्नासांहून अधिक स्त्री मजूर असतील तेथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. मार्बोंप्रमाणेच येथेही प्रथम एका माणसाचे डोळे उघडले, आणि कायदा त्यामागून आला.

२०१७ मध्ये प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईस दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, असे ठरले. येथे स्त्रियाच मोजावयाच्या नाहीत, पुरुषही मोजावयाचे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कारण मूल केवळ आईचे नसते. हीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली असून ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. अशी सोय अनेक मालकांनी मिळून सामाईक रीतीने करावी, यासही तीत वाव आहे.

हे सर्व झाले कारखानदारांविषयी. पण आपल्या घरी पाच-दहा मुले सांभाळणाऱ्या मावशींस परवाना कोण देतो? देशभर सर्वांस लागू होईल असा परवान्याचा एकच कायदा अशा घरांसाठी आपल्याकडे नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने पाळणाघरांविषयी किमान मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पण त्या मुख्यतः नोकरीच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी आहेत. सरकारी योजनेतील पाळणाघरांसाठी पंचवीस मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस असे प्रमाण ठरले होते. आता ‘पालना’ या नावाने अंगणवाडीसच पाळणाघर जोडण्याची योजना चालू आहे. ती आमच्या वाडीपर्यंत अद्याप आलेली नाही. अंगणवाडी आहे, पण ती दुपारी सुटते, आणि कारखान्याचा भोंगा सायंकाळी होतो.

म्हणजे त्या तरुणाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे की, मावशींकडे परवाना नाही आणि तो मागावयास जावे असे कार्यालयही त्यांस सापडले नसते. यात मावशींचा दोष नाही. परंतु कायदा मौन आहे म्हणून धोका नाहीसा होत नाही. २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेस एका आयाने केलेली मारहाण छायाचित्रणामुळे उघडकीस आली, हे अनेकांस आठवत असेल. तेथे फी घेतली जात होती, रंगविलेल्या भिंती होत्या. नव्हती ती नजर.

कागदानेही भागत नाही

येथे कोणी म्हणेल, मग कडक परवाना आणा म्हणजे झाले. त्यांस आम्ही मेक्सिको देशातील हर्मोसियो शहराची आठवण देतो. ५ जून २००९ रोजी, दुपारी मुले निजली असता, तेथील एका पाळणाघरास आग लागली. ते पाळणाघर मूळच्या एका गोदामात भरत असे. शेजारच्या सरकारी गोदामात पेटलेली आग छतावरून आत शिरली. बाहेर पडावयास पुरेशा वाटा नव्हत्या. एका तरुणाने आपली गाडी भिंतीवर पुन्हा पुन्हा आदळून भगदाडे पाडली व त्यांतून काही मुले बाहेर काढली गेली. तरीही ४९ बालके दगावली. ते पाळणाघर चोरून चालविलेले नव्हते. ते सरकारी व्यवस्थेखालीच चालत होते आणि आगीच्या थोडे दिवस आधी झालेल्या तपासणीत ते योग्यही ठरले होते. कागद होता, पण तपासणाऱ्याने छत पाहिले नव्हते, दारे पाहिली नव्हती.

त्या बालकांच्या आईबापांनी पुढे दोन वर्षे लढा दिला. ऑक्टोबर २०११ मध्ये त्या देशाने सर्व पाळणाघरांस लागू होणारा नवा कायदा केला. लोक त्यास ‘पाच जूनचा कायदा’ म्हणतात. असे कित्येक नियम कोण्या बालकाच्या कबरीजवळ उभे राहून लिहिले गेले आहेत, हे ध्यानात ठेवले म्हणजे ते कटकटीचे वाटत नाहीत.

नियम अतिरेकासही जाऊ शकतो. इंग्लंडमध्ये २००९ मध्ये दोन मैत्रिणी, दोघीही पोलीस खात्यातील, एकमेकींच्या मुली पाळीपाळीने सांभाळीत. मूल सांभाळण्याच्या बदल्यात मूल सांभाळणे हाही मोबदलाच होय आणि नोंदणीवाचून ते बेकायदा होय, असे तपासणी खात्याने त्यांस कळविले. लोकांत हसू झाले व रागही उठला, आणि पुढे सरकारने अशा मैत्रीच्या देवाणघेवाणीस सूट दिली. शेजारधर्मावर दंड बसविणारा नियम टिकत नाही, हे योग्यच झाले.

तथापि त्याच देशाने किती मुलांमागे किती माणसे हे फार स्पष्टपणे ठरविले आहे. तेथील पाळणाघरांत दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी लागते. हे आकडे वाचून आम्ही मावशींच्या नऊ मुलांचा विचार केला. साठीच्या एका बाईस चुलीवरची पेज, ओटीवरची आठ मुले आणि परड्याकडे गेलेले नववे, हे सारे एका वेळी पाहता येणे शक्यच नव्हते. त्यांची माया कमी पडली नव्हती. त्यांचे दोन डोळे कमी पडले. मायेला जेथे डोळे पुरत नाहीत, तेथे नियमाचे काम सुरू होते.

प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे

आपल्या गावांत एक संकोच फार खोल आहे. ओळखीच्या माणसास प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अपमान, असे आपण समजतो. मावशींना हौदाविषयी कसे विचारावे? सिस्टरांस वसतिगृहाविषयी कसे विचारावे? फादरांस तर कसे विचारावे? वाचकहो, हा संकोच मुलांस महाग पडतो. आमच्या ख्रिस्तसभेनेही या बाबतीत डोळे उशिरा उघडले, हे आम्ही खाली मान घालून लिहितो. जगाच्या अनेक भागांत मुलांवर धर्मसेवकांच्या हातून अत्याचार झाले आणि नाव जाईल या भीतीने ते झाकले गेले. त्यानंतर पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये अशा गोष्टी वरिष्ठांस कळविण्याचे बंधन धर्मगुरू व धर्मभगिनींवर घातले. आपल्या देशाच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे तर बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्यास कळेल त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे. न कळविणे हा गुन्हा आहे. यात धर्मगुरूस सूट नाही आणि ती नसावी. लहानग्यांस अडखळविणाऱ्याविषयी प्रभूने जात्याच्या तळीचे जे कठोर शब्द उच्चारले, ते आमच्यासाठीही आहेत.

म्हणून परवान्याचा खरा अर्थ आम्ही असा समजतो. परवाना म्हणजे सांभाळणाऱ्याने बाळास दिलेले वचन. बाळ ते वाचू शकत नाही, म्हणून ते गावाने वाचावयाचे. बाळ ते मोडल्याचे सांगू शकत नाही, म्हणून ते गावाने येऊन पाहावयाचे. सरकारचा शिक्का आला तर उत्तमच. पण तो येईपर्यंत वचन देण्यास व ते पाहण्यास आपणांस कोणी अडविलेले नाही.

आमच्या वाडीत काय ठरले

त्यानंतर आम्ही मावशी, मुलांच्या आया, दोन बाप, अंगणवाडीच्या सेविका आणि आरोग्य उपकेंद्रातील नर्सबाई यांस एकत्र बसविले. मावशींचे काम बंद करावयाचे नाही, हे प्रथम ठरले. मग बाकीचे ठरले.

चर्चच्या आवारातील धर्मशिक्षणाची जुनी खोली त्यांस दिली. तीस दोन दारे आहेत व दोन्ही बाहेर उघडतात. दारांस मुलांच्या छातीइतके लाकडी फाटक बसविले. आवारातील हौदावर लोखंडी झाकण टाकले. मावशींच्या परड्यातील हौदावरही टाकले. स्वयंपाक त्या खोलीत होणार नाही. मुले दहांहून अधिक घ्यावयाची नाहीत, त्यांत एक वर्षाखालील तीनच. आणि मावशींबरोबर दुसरी एक बाई सदैव हजर राहील. कोणतीही मोठी व्यक्ती, मग ते धर्मगुरू का असेनात, दार लावून मुलांबरोबर एकटी राहणार नाही.

एक वही घातली. तीत मुलाचे नाव, आईबापांचे फोन, मुलास काय सोसत नाही, आणि त्यास घरी न्यावयास कोण येणार, हे लिहिले जाते. वहीत ज्याचे नाव नाही त्याच्या हाती मूल द्यावयाचे नाही, मग तो सख्खा काका का असेना. शेंगदाणे, सुपारीचे खांड, नाणी यांस खोलीत मज्जाव आहे. ती लहान मुलांच्या घशात अडकतात. रॉकेल किंवा फिनेल सरबताच्या बाटलीत भरून ठेवावयाचे नाही. तान्ह्या बाळास उताणे निजवावयाचे. झोपेसाठी कोणतेही औषध, खोकल्याचेही, आईस विचारल्यावाचून द्यावयाचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम नर्सबाईंनी सुचविला: कोणत्याही आईने कोणत्याही वेळी न कळविता यावे, आणि तिला दार उघडे असावे. दर महिन्यास एक आई, अंगणवाडीच्या सेविका व नर्सबाई मिळून पाहणी करतात. आम्ही त्या पाहणीत नाही. कारण आमच्यासमोर मंडळी खरे बोलावयास लाजतात. ग्रामपंचायतीसही सर्व लेखी कळविले आहे.

हे सारे गोड झाले, असे कोणी समजू नये. काजूच्या हंगामात मावशींकडे तेरा मुले येत. दहांचा नियम झाला तेव्हा तीन आया बाहेर राहिल्या. त्यांपैकी एक आम्हांस म्हणाली, “फादर, नियम झाला तुमच्या दहा पोरांसाठी. माझं बाळ आता काजूच्या टरफलांच्या ढिगाशेजारी बसतंय. त्याला कुठला नियम?” काजूच्या टरफलातील तेलाने हातांची कातडी सोलते, हे आमच्या भागात सर्वांस ठाऊक आहे. तिचे बोलणे आम्हांस लागले व ते लागावयासच हवे होते. नियम करून जो बाहेर राहिला त्याचा विचार सोडला, तर तो नियम नसून कुंपण होय.

म्हणून सध्या संत विन्सेंट द पॉल मंडळाने तिसऱ्या बाईचा पगार उचलला आहे व शेजारची दुसरी खोली उघडली आहे. परंतु दयेवर हे किती दिवस चालावे? वाडीभोवती तीन लहान कारखाने आहेत. प्रत्येकात पंचवीस-तीसच माणसे. म्हणून पाळणाघराची सक्ती कोणावरही नाही. आम्ही तिन्ही मालकांस भेटलो व सामाईक खर्च उचलण्याची विनंती केली. एकाने होकार दिला आहे, दोघांनी विचार करतो म्हटले आहे. त्यांस आम्ही पुन्हा भेटणार आहोत, आणि या वेळी आयांबरोबर बापही आमच्यासंगे येणार आहेत.

मावशी प्रथम रुसल्या होत्या. वही घालणे म्हणजे आपल्यावर पहारा बसविणे, असे त्यांस वाटले. पण त्या आता स्वतःच वही मागून घेतात. त्यांस लिहिता येत नाही, तेव्हा दुसरी बाई लिहिते व मावशी नावे सांगतात. गेल्या आठवड्यात एका मुलास न्यावयास त्याचा मामा आला. वहीत त्याचे नाव नव्हते. मावशींनी त्यास पाणी दिले, बसविले, आणि आईस फोन लागेपर्यंत मूल कडेवरून खाली उतरविले नाही. मामा थोडा रागावला. आई मात्र संध्याकाळी येऊन मावशींच्या पाया पडली.

येत्या नाताळात आपण घरोघरी गव्हाण मांडू. संत योसेफांस त्या रात्री बाळासाठी सराईत जागा मिळाली नाही. मिळाला तो गोठा. पण मिळाला त्या गोठ्यात त्यांनी गवत झाडून घेतले असेल, वाऱ्याची फट बुजविली असेल, गुरांचे पाय बाळापासून दूर राहतील असे पाहिले असेल. कोणताही बाप तेच करील. वाचकहो, आपल्याही वाडीत कोणी मावशी असतील. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जा, ओटीवर बसा, चहा घ्या; आणि मग संकोच न करता मागल्या दाराने परड्यात जाऊन पाहा.